झाडूला कात्री



पुण्याच्या मार्केट यार्डात आपणांपैकी पुष्कळांचे नित्याचे जाणे-येणे आहे. कोणी हमाली करतो, कोणी काट्यावर उभा असतो, कोणा माउलीला फुलबाजारात पहाटेच पोहोचावे लागते. ज्या गुलटेकडीवर हा बाजार वसला आहे, तिच्याविषयी मांग समाजातील चौदा वर्षांच्या एका मुलीने १८५५ साली काय लिहून ठेवले आहे हे आपणांस ठाऊक आहे काय? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या दोन अंकांत छापून आला. मांग-महारांपैकी कोणी तालीमखान्यापुढून गेला, तर पेशवाईत त्याचे मस्तक उडवीत आणि गुलटेकडीच्या मैदानावर तलवारीचा दांडू व मस्तकाचा चेंडू करून खेळत, असे तिने त्यात सांगितले आहे. आज भाजीपाल्याच्या गाड्या उतरतात ती हीच गुलटेकडी.

गेल्या महिन्यात याच भागातील एका विहारात वाद झाला. ‘फुले’ हा हिंदी चित्रपट पडदा लावून मुलांस दाखवावा, असे तरुणांनी ठरविले होते. धम्मदीक्षा घेऊन ज्यांना अद्याप दोन वर्षेही झाली नाहीत अशा कुटुंबातील एक वृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, “वकीलसाहेब, ते सगळं मागं टाकावं म्हणून तर आम्ही दीक्षा घेतली. आता नातवंडांना पुन्हा तेच दाखवायचं का?” काही तरुण हसले. त्यांस आम्ही गप्प केले. कारण ज्याने अपमान भोगला, त्यास तो पुन्हा पाहावयास लावण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु आजोबांच्या म्हणण्यात एक गृहीत होते आणि ते आम्हांस मान्य नाही. कमरेला झाडू बांधावा लागला ही बांधणाऱ्याची लाज, असे ते धरून चालले होते. ती बांधावयास लावणाऱ्याची लाज होय. मुक्ता साळवेला हे शाळेतच कळले होते, म्हणून तिने खाली मान घालून नव्हे, तर नावानिशी लिहिले.

आता त्या चित्रपटाचीच हकीकत ऐका. अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जोतीरावांच्या जयंतीस, ११ एप्रिल २०२५ रोजी, यावयाचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली आणि तो २५ एप्रिलवर गेला. त्याआधीच परीक्षण मंडळाने बदल सुचविले होते. वृत्तपत्रांत आलेल्या यादीप्रमाणे ‘महार’, ‘मांग’ व ‘पेशवाई’ हे शब्द वगळावयास सांगण्यात आले. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता, तेथे ‘कित्येक वर्षे’ असा मोघम शब्द आला. कमरेला झाडू बांधलेला माणूस दिसत होता तेथे काय घालावयास सांगितले? सावित्रीबाईंवर शेणाचे गोळे फेकणारी पोरे! म्हणजे एका बाईवर शेण फेकणारी पोरे पडद्यावर चालतात, पण समाजच्या समाज ज्या व्यवस्थेने झाडूला बांधला ती व्यवस्था चालत नाही. १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटाच्या मुहूर्तास स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी ही कात्री चालली आहे.

वकिली करणाऱ्या माणसास ही कात्री अपरिचित नाही. खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरविले आणि त्यांपैकी सहा जणांस फाशी सुनावली. २०१० साली नागपूर खंडपीठाने ती फाशी पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा दोन्ही न्यायालयांनी सिद्ध मानला नाही. खून राहिला, जात गळाली. दुःख आहे एवढे सांगून भगवान बुद्ध थांबले नाहीत. ते कोठून उत्पन्न होते याचा शोध त्यांनी घेतला. ज्या चित्रपटातून कारण काढून टाकले, त्यात मग केवळ रडणे उरते, आणि रडून मोकळा झालेला प्रेक्षक घरी जाऊन स्वस्थ झोपतो.

कायदा याविषयी काय म्हणतो? १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या प्रकरणात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरविले. मात्र एखादे दुष्कृत्य दाखविले एवढ्यावरून कात्री लावू नये, ते कसे हाताळले आहे हे पाहावे, असेही त्याच निकालात बजावले. याच वाटेने १९९६ साली ‘बँडिट क्वीन’चा निकाल गेला. फूलनदेवीची विटंबना दाखविणारे दृश्य वासना चाळविण्यासाठी नसून अत्याचाऱ्यांविषयी किळस व तिच्याविषयी करुणा उत्पन्न करण्यासाठी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. निकाल कायद्याच्या दृष्टीने आम्हांस पटतो. तरीही एक काटा राहतोच. हा चित्रपट आपल्या खाजगी जीवनावर आक्रमण आहे, अशी तक्रार घेऊन १९९४ साली फूलनदेवी स्वतः दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या होत्या. पुढे तडजोड झाली ही गोष्ट निराळी. ‘हे दाखविता येईल काय’ याचे उत्तर न्यायालय देते. ‘जिचे दुःख आहे तिला विचारले काय’ हा प्रश्न दिग्दर्शकाच्या विवेकावर सोडला जातो, आणि तो विवेक पुष्कळदा तिकीटबारीकडे पाहत असतो.

अमेरिकेत १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हाल करून मारले. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली आणि मुलाचा ओळखू न येणारा चेहरा जगाला पाहू दिला. त्या छायाचित्राने देश हादरला, तरी केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींस निर्दोष सोडलेच. आम्ही हे उदाहरण देतो ते एवढ्यासाठी की, पेटी उघडण्याचा निर्णय आईचा होता. कोणा वार्ताहराने ती चोरून उघडली असती, तर त्याच छायाचित्राला आम्ही वेगळे नाव दिले असते.

आपल्याकडे नागराज मंजुळे यांनी हा विवेक पाळलेला दिसतो. ‘सैराट’ (२०१६) मध्ये आर्ची व परश्या यांच्यावर पडणारा वार आपणांस दिसत नाही. बाहेरून परतलेले लेकरू दिसते, त्याची रक्ताने उमटलेली पावले दिसतात, आणि आवाज बंद होतो. येथेही काहीतरी झाकले आहे, पण गुन्हेगाराची जात झाकलेली नाही. मेलेल्यांचे देह तेवढे बघ्यांच्या नजरेपासून वाचविले आहेत. परीक्षण मंडळाचे झाकणे आणि हे झाकणे यांतील अंतर मुलांस समजावून सांगा. ‘फँड्री’ तर याहून कठोर आहे. कैकाडी कुटुंब डुकरामागे धावत असते आणि गाव खेळाचा सामना पाहावा तसा बसून हसत असतो. अखेरीस जब्या दगड भिरकावतो तो थेट पडद्याबाहेर. पकडलेले डुकर वाहून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे. ते पाहून आपण टाळ्या वाजवतो. पण कैकाड्याचा तो पोर आपल्या आळीत राहावयास आला तर आपण कोठे बसलेले असू, हेही एकदा घरात बोलून पाहावे. धर्म बदलला म्हणजे बघ्यांच्या रांगेतून नाव आपोआप कमी होते असे नाही.

आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. आमच्या एका पक्षकार भगिनीस मारहाण झाली तेव्हा कोणीतरी मोबाईलवर चित्रण केले. पुरावा म्हणून ते उपयोगी पडले. पण तेच चित्रण आपल्याच लोकांनी संतापाच्या भरात शेकडो ठिकाणी धाडले. तारखेच्या दिवशी ती आम्हांस म्हणाली, “साहेब, मारणारे चार होते. बघणारे किती झाले?” असे चित्रण आपल्या हाती आले तर ते पोलिसांस द्या, वकिलास द्या, जपून ठेवा, पुढे धाडण्यापूर्वी त्या कुटुंबास विचारा. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हाच आहे.

विहारातील वाद कसा मिटला ते सांगावयाचे राहिले. चित्रपट येत्या पौर्णिमेस दाखवावयाचा आहे. ज्यांना पाहवणार नाही त्यांनी उठून जावे, त्यांस कोणी अडवू नये, असे ठरले. आधी मुक्ता साळवेचा निबंध वाचला जाईल. तो वाचणारी मुलगी त्या आजोबांचीच नात आहे. पडद्यावर जेथे झाडू कापला आहे तेथे पूर्वी काय होते, हे थांबवून सांगण्याचे काम आमच्याकडे दिले आहे.