कुड्याची साल आणि डॉक्टरांची गोळी



पोटात मुरडा येऊन आव पडू लागली की आपल्याकडे प्रथम कुड्याची साल आठवते. खानापूर, सत्तरीच्या रानात हे झाड मुबलक आहे. त्याच्या सालीचा काढा, त्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव, हे आपल्या वाडवडिलांचे औषध. आयुर्वेदातील कुटजारिष्टही याच सालीचे. हे ज्ञान टाकाऊ नाही. परंतु चार दिवसांची आव आणि महिनोन्‌महिने रक्त-शेंब पाडणारा आतड्याचा दाह हे दोन निरनिराळे आजार आहेत. दुसऱ्या आजारात केवळ सालीवर विसंबून राहणे घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधी आव जंतूंमुळे किंवा अमीबामुळे होते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात मात्र शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मोठ्या आतड्यावर उलटते व त्याच्या अस्तराला व्रण पडतात. हा आजार कधी उसळतो, कधी आपोआप निवतो. नेमका निवण्याच्या वेळी काढा चालू असला, तर श्रेय काढ्याला मिळते! रोगी निर्धास्त होतो आणि आत दाह चालूच राहतो. अंगातले रक्त कमी होते, वजन घटते. आठ-दहा वर्षे असा दाह राहिला तर आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.

मग वनस्पतींचा उपयोग नाही काय? आहे. जपानमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आजार निवलेल्या रोग्यांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर हळदीतील कर्क्युमिन रोज 2 ग्रॅम सहा महिने दिले. त्यांपैकी 43 जणांत दोघांचाच आजार उलटला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्या 39 जणांत आठ जणांचा उलटला. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गोळ्या कोणाच्याच बंद केल्या नव्हत्या. आणि हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असते. म्हणजे तेवढे मिळण्यास रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीतल्या चिमटीने ते काम होणार नाही.

झाडपाल्याने अपाय होत नाही, हाही भ्रमच. निळीच्या पाल्यापासून केलेले एक चिनी औषध याच आजारावर गुणकारी ठरले. पण ते स्वतःच विकत घेऊन खाणाऱ्या एका रोग्याच्या फुप्फुसाच्या धमनीतील दाब वाढल्याचे कळताच जपानमधील त्याची चाचणी मध्येच थांबवावी लागली.

म्हणून एवढे करावे :

1. जुलाबात रक्त दिसले किंवा जुलाब दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर शौचाची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडे पाहण्यास सांगितले तर लाजू नये.

2. चालू गोळ्या, विशेषतः स्टिरॉइड, आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत.

3. काढा घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

4. साल ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावी. बाजारात पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली असते.

शेतकरी बांधवांना आणखी एक विनंती. खोडाची साल सभोवार सोलली की झाड वाळते. छाटलेल्या फांद्यांचीच साल काढावी व बांधावर दोन रोपे लावावीत.

जुन्या करारात सिराखच्या ग्रंथाचा 38वा अध्याय सांगतो की औषधे परमेश्वरानेच मातीतून निर्माण केली. त्याच अध्यायात वैद्याचा मान राखा, त्याला दूर लोटू नका, असेही सांगितले आहे. आपण अर्धाच अध्याय पाळतो. कुड्याचे झाड देवाची देणगी आहे, तशीच डॉक्टरांची विद्याही. घरात कोणी महिनोन्‌महिने रक्ताच्या जुलाबाने झिजत असेल, तर पुढचा काढा उकळण्याआधी त्याला दवाखान्यात न्या.