चालीचे माप कोण घेणार?

इस्लापूरच्या बाजारात माणूस चेहऱ्याआधी चालीवरून ओळखू येतो. कमरेत वाकलेला, पाय ओढत येणारा कोणी दिसला की आपण 'वय झाले' म्हणून मोकळे होतो. पण किनवट तालुक्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी सांधे दुखतात, पुढे पाठ आणि गुडघे आखडतात. तेव्हा प्रत्येक वाकड्या चालीचा दोष वयाच्या माथी मारणे बरे नव्हे.

हा बदल इतका सावकाश होतो की घरच्यांनाही उमगत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून माणूस नांदेड गाठतो. तपासणीच्या खोलीत फरशीवर दहा पावले चालतो, आणि डॉक्टरांसमोर नेहमीपेक्षा बरेच चालतो! बांधावरून घरी परतताना होणारी त्याची दैना कोणाच्याच नोंदीत येत नाही.

ती नोंद करण्याचे साधन आता आहे. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८७०च्या दशकात बुटाच्या तळाशी हवेची पोकळी बसवून, नळीवाटे ती हातातल्या यंत्राला जोडून पावलांचा आलेख काढला होता. आज नळी गेली. काडेपेटीएवढे यंत्र घोट्याला किंवा कमरेला बांधले की ते वेगातला आणि वळण्यातला बदल सेकंदाला अनेक वेळा टिपते आणि बिनतारी मार्गाने मोबाइलला कळवते. निरोगी चालीत प्रत्येक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. हा हिशेब कुठे बिघडला, डाव्या-उजव्यात किती तफावत पडली, हे त्यातून कळते. पक्षाघात, कंपवात, गुडघ्याची शस्त्रक्रिया यांनंतरची सुधारणाही अशीच मोजता येते.

मात्र यंत्र रोगाचे नाव सांगत नाही; ते फक्त बदल दाखवते. शिवाय गुळगुळीत फरशीवर बूट घालून चालणाऱ्यांवरून ठरवलेले आकडे काळ्या मातीतून अनवाणी, डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्या बाईला लावले, तर निष्कर्ष चुकायचाच. म्हणून आपल्या माणसांची मापे आपल्याच रानात घेतली पाहिजेत, आणि प्रत्येकाची तुलना आधी त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षीच्या चालीशी केली पाहिजे.

हे काम शहरातल्या मोठ्या इस्पितळांवर सोडून भागणार नाही. यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात असावे, आठवडाभर रुग्णाच्या घरी जावे, आणि त्याची नोंद मराठीत रुग्णाच्या हाती पडावी. यंत्र येईपर्यंत दहा मीटर दोरी आणि घड्याळ तर आहे! तेवढे अंतर चालायला किती सेकंद लागले, हे दर सहा महिन्यांनी लिहून ठेवायला कोणत्या मंजुरीची वाट पाहायची?

अर्थात मोजणे म्हणजे उपचार नव्हे. आखडलेली हाडे पूर्ववत करणारे औषध नाही. उपाय शुद्ध पाण्याचाच आहे. पण ज्या दुखण्याचा आकडा कागदावर नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे नळयोजना हलत नाही. पाय ओढत चालणाऱ्यांची दखल सरकारदरबारी व्हायची असेल, तर त्यांची पावले आधी मोजली गेली पाहिजेत.