पोर एक, मालक दोन

गेल्या महिन्यात एका फुटबॉल अकादमीने मला व्हॉट्सॲपवर बजावलं: ‘शाळा की क्लब? शुक्रवारपर्यंत कळवा.’ मुलगा नववीत. मंगळवारी शाळेची तालुका पातळीची मॅच, त्याच संध्याकाळी अकादमीची प्रॅक्टिस. शाळेकडून खेळला तर अकादमीच्या टीममधून नाव कट. तिकडे शाळेचे पीटी सर म्हणतात, मॅचला नाही आला तर हजेरीचं तुमचं तुम्ही बघा. रात्री पोरगा ताटातल्या भातावर बोट फिरवत विचारतो, ‘पप्पा, कुणाला नाही म्हणू?’

कुणालाच नाही, बाळा. नाही म्हणायची पाळी चौदा वर्षांच्या पोरावर यावी, हाच या दोन्ही संस्थांचा करंटेपणा!

अकादमीच्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय: दुसऱ्या कुठल्याही संघाकडून, अगदी शाळेकडूनसुद्धा, खेळायचं नाही. आणि त्याच फॉर्मला जोडायचं काय? शाळेचं बोनाफाईड! वय सिद्ध करायला शाळा चालते, फी भरायला बाप चालतो. शाळेची जर्सी तेवढी चालत नाही. कारण काय, तर पोराच्या गुडघ्यांची काळजी. वाढत्या वयात अतिखेळाने गुडघा दुखावतो, हे खरंच आहे. मग मोजा ना आठवड्याचे सगळे तास, शाळेचे धरून! ते कुणी मोजत नाही. शनिवार-रविवारी हेच कोच त्याच गुडघ्यांना दोन दिवसांत चार मॅच खेळवतात, वर एंट्री फी आमच्याकडून घेतात. ही काळजी नव्हे, मालकी आहे. मालकीला हिशेबही असतो. खेळाडू पुढे व्यावसायिक झाला, तर फिफाच्या नियमांप्रमाणे बाराव्या वर्षापासूनच्या प्रशिक्षणाचा मोबदला क्लबांना मिळू शकतो. शाळेला शाळा म्हणून त्यात वाटा नाही.

शाळेची कड घ्यावी, तर तीही त्याच माळेतली. क्रीडा शुल्क दरवर्षी घेते. मैदान म्हणून दाखवते सिमेंटचं अंगण, दुपारनंतर तिथे स्कूल बस उभ्या. दहावी आली की ‘आता खेळ बंद’. पण कप आणला की गेटवर पोरांच्या फोटोंचा फ्लेक्स लागतो, आणि मधोमध कोण? संस्थेचे अध्यक्ष!

अकादमीची ही मक्तेदारी अमेरिकेनेही करून पाहिली. तिथल्या फुटबॉल महासंघाने 2007 मध्ये डेव्हलपमेंट अकादमी काढली, 2012 पासून तिचा हंगाम दहा महिन्यांचा केला आणि मोजके अपवाद सोडून पोरांचं हायस्कूलकडून खेळणं बंद पाडलं. 2020 मध्ये कोविडच्या काळात पैशांचं कारण देत अकादमीच गुंडाळली. शाळेतल्या दोस्तांबरोबरचे ते हंगाम पोरांना कोण परत देणार?

आपल्याकडे शाळेचा फुटबॉल म्हणजे टाइमपास नव्हे. सुब्रतो कप 1960 पासून शाळांच्याच संघांचा आहे. कोल्हापुरात पोरगा शाळेकडून खेळतो आणि पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातही असतो. तिथे फुटबॉल शाळेत आणि गल्लीत एकदमच वाढला. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, जिथे शिक्षण आणि खेळ बरोबरीने चालतात. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताच्या संघात होता.

दोघांच्या वेळा कशा जुळवायच्या, ते मला कारखान्याने शिकवलं. मी बेळगावचा. बावीस वर्षं बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत टर्निंगच्या शॉपमध्ये काढली. आमच्याकडे आठ मशिनं. दोन पार्ट्यांची ऑर्डर एकाच लेथवर येते, दोघांनाही माल सोमवारीच हवा असतो. तेव्हा आम्ही लेथला विचारतो का, बाबा रे, तू कुणाचा? सुपरवायझर दोन्हीकडे फोन लावतो, फळ्यावर खडूने वेळापत्रक मांडतो, आणि दोघांचाही माल वेळेत निघतो. दहावी नापास हेल्परलाही तो फळा वाचता येतो. मग डिग्र्यांच्या पाट्या लावलेल्या मुख्याध्यापकांना आणि लायसन्सवाल्या कोचना एक मंगळवार जुळवता येऊ नये? येतो. जुळवायचा नाही, एवढंच. पोरगं आयतं हाताशी आहे, त्यालाच पिळायचं.

शुक्रवारी मी उत्तर पाठवलं. अकादमीला पीटी सरांचा नंबर, पीटी सरांना कोचचा नंबर, आणि दोघांना एकच ओळ: ‘वेळापत्रक तुम्ही ठरवा, माझ्या मुलाला विचारू नका.’ आईबापांनो, तुम्हीही हेच करा. एकट्या बापाला टीममधून काढता येतं. वीस बापांनी एकाच दिवशी हा मेसेज पाठवला, तर काढून खेळवणार कुणाला?

मंगळवारी तो शाळेकडून खेळला. शेजारच्या बाकावरच्या पोराने पास दिला, याने गोल केला, आणि दोघं गळ्यात गळा घालून चिखलात लोळले. ते पोर कुठल्याच अकादमीत नाही, त्याच्या बापाला फी परवडत नाही. या दोघांनी एका संघात खेळायचं, ते शाळेतच.