यादी तळापासून वाचा

महागडा गेमिंग पीसी जुळवणाऱ्यांच्या याद्या माझ्याकडे बऱ्याचदा येतात. पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्या ओळीत प्रोसेसर आणि सगळ्यात खाली एसएमपीएस, तोही उरलेल्या पैशांत बसेल तो. ही यादी तळापासून वर वाचायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

नागपूरला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनं परवा तिची यादी पाठवली. आरटीएक्स ५०९०, रायझन ७ ९८००एक्स३डी, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, सोळा जीबीच्या चार रॅम, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, काचेचं कॅबिनेट आणि ८५० वॉटचा एसएमपीएस. खाली प्रश्न : "मावशी, सगळं मॅच होतंय ना?"

सॉकेट जुळत होतं. प्रोसेसर एएम५चा, बोर्डही एएम५चा, आणि एएम५वर डीडीआर५ सोडून दुसरी रॅम चालतच नाही. (इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र डीडीआर४चेही आहेत आणि डीडीआर५चेही. तिथे बोर्डाचं पूर्ण नाव वाचूनच पैसे द्यावेत.) पण बी६५०चे बोर्ड २०२२चे आणि हा प्रोसेसर नोव्हेंबर २०२४चा. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात बायोस जुना असेल, तर पीसी सुरूच होणार नाही. म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्यावा. त्यात प्रोसेसरच्या मदतीशिवाय, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो.

चारही स्लॉटमध्ये रॅम भरलेली दिसते छान. पण या पिढीच्या रायझनला दोन रॅम लावल्या तर एएमडी ५६०० वेगाची हमी देते आणि चार लावल्या तर फक्त ३६००ची. चौसष्ट जीबीच हवी असेल, तर बत्तीसच्या दोन घ्याव्यात.

कॅबिनेटचा हिशेब तर कोणी करतच नाही. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, 'कार्डासाठी ४०० मिलिमीटर जागा'. पुढच्या बाजूला रेडिएटर बसवला की त्यातले साधारण २७ मिलिमीटर जातात, पंख्यांचे आणखी २५. उरतात ३४८. ५०९०ची काही मॉडेल्स ३५५ मिलिमीटरच्याही पुढे जातात. रेडिएटर वरच्या बाजूला बसत असेल तर प्रश्न सुटतो, पण ते कॅबिनेट घेण्याआधी मोजायचं असतं.

आता एसएमपीएस. ५०९० एकटंच ५७५ वॉटपर्यंत वीज ओढतं आणि एनव्हीडिया त्यासाठी एक हजार वॉटचा एसएमपीएस सुचवते. शिवाय ही कार्डं अगदी सूक्ष्म क्षणापुरती त्याहून बरीच जास्त वीज मागतात. असे झटके एसएमपीएसनं कसे आणि किती सोसायचे, याचे नियम २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात घातले गेले. त्याआधीचा एसएमपीएस कागदावर तेवढ्याच वॉटचा असूनही ऐन खेळात बंद पडू शकतो. खोक्यावरचा 'गोल्ड' शिक्का तर वीज किती कमी वाया जाते, एवढंच सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, संरक्षण कितपत आहे, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

कनेक्टरची गोष्ट आणखी गंभीर आहे. २०२२मध्ये ४०९० आलं आणि त्याचे सोळा पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून येऊ लागल्या. प्लग पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण असल्याचं एनव्हीडियानं सांगितलं. पुढे १२व्ही-२x६ नावाचा सुधारित कनेक्टर आला. त्यातल्या छोट्या सेन्स पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाला वीज मिळू नये. तरीही प्लग शेवटपर्यंत दाबावा आणि वायर तोंडाशीच मुडपू नये. अरुंद कॅबिनेटची काच नेमकी ती वायर दाबते.

सगळ्यात जास्त जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. मॉड्युलर एसएमपीएसच्या जुन्या वायरी नव्या एसएमपीएसला लावू नयेत. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र एकच असं मानक नाही. प्लग अलगद बसतो, पण १२ व्होल्ट भलत्याच पिनेतून जाऊन एसएसडी किंवा बोर्ड जळू शकतो.

आपल्याकडे या यादीत यूपीएसही धरायला हवा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॉटच्या आसपास दम टाकतो. हा पीसी खेळताना सातशे-आठशे वॉट घेणार. शिवाय अर्थिंग नीट हवं. नाहीतर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

आणि ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, ही साधी बाब नाही. तिचा मॉनिटर १४४० पिक्सेलचा आहे. त्याला ३६० वॉटचं ५०८० भरपूर झालं, असं मी कळवलं. उत्तर आलं, "मावशी, पुढच्या वर्षी फोर-के मॉनिटर घेणारच आहे." मग ५०९० राहू दे. पण एसी आणि पीसी एकाच सर्किटवर आहेत का, हे वायरमनला बोलावून आधी बघून घे, असं तिला लिहिलं आहे.