डॅशकॅमला रेंज लागत नाही



‘डॅशकॅम हे शहरी खूळ’ हे पत्र वाचले. गावाकडे रेंज नसते, मग फोनवर चित्रण दिसणार कसे, हा त्यातला मुख्य मुद्दाच चुकीचा आहे. वाय-फायचा डॅशकॅम, म्हणजे गाडीत लावलेला कॅमेरा, स्वतःचे नेटवर्क सोडतो आणि फोन त्याला थेट जोडला जातो. चित्रण बघायला इंटरनेट लागत नाही. काही फोन मध्येच मोबाइल डेटाकडे वळतात. तेवढ्यापुरता डेटा बंद ठेवावा.

कोणीही चित्रण चोरेल म्हणे! कंपनीचा ठरावीक पासवर्ड बदलला नाही तर शक्य आहे, पण त्यासाठीही गाडीजवळच यावे लागेल.

खरी अडचण पत्रलेखकाला दिसलीच नाही. डॅशकॅमचे मेमरी कार्ड भरले की जुन्या चित्रणावर नवे चढते. मुक्ताईनगरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अपघात झाला, तर फाइल तिथेच लॉक करून फोनवर घ्यावी आणि मूळ कार्ड काढून जपावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या क्लिपवर विसंबू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पुरावा म्हणून दिलेल्या फाइलच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. पुढच्या पत्रात पत्रलेखकाने याविषयी लिहावे.

– एक वाहनचालक, मुक्ताईनगर (जि. जळगाव)