स्टेपनी नसलेली श्रीमंती

पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर मागे टाकून मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असे पुढे जाऊ लागले, की आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत किती पैसा आला, ते दारापुढच्या गाड्यांवरून कळते. एके काळी गावात एखादी जीप असली, तरी त्या घराकडे बोट दाखवले जाई. आज उसाच्या फडाला लागून असलेल्या बंगल्यापुढे जर्मन बनावटीची मोटार उभी दिसते आणि कोणी मान वळवून पाहत नाही. चाकणकडे विकलेल्या जमिनीचा पैसा, कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पिकलेली द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो, वाहतूक आणि बांधकामाची कंत्राटे अशा नाना वाटांनी ही समृद्धी आली आहे. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेले होते. सप्टेंबर उजाडेपर्यंत तोच भाव कोसळला. असा पैसा हाती आला, की माणूस घर बांधतो आणि मोटार घेतो. त्यात नाके मुरडण्यासारखे काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीत बसलेल्या घराला मर्सिडीजमध्ये बसण्याचा हक्क नाही, असे कोण म्हणेल?

प्रश्न वेगळाच आहे. साठ लाख, ऐंशी लाख, कोटभर रुपये मोजल्यावर घेणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते? पूर्वी जे न मागता मिळत असे, ते आजही मिळते काय?

उदाहरण अगदी साधे घेऊ. स्टेपनी घ्या. आपल्याकडे पाच-सहा लाखांच्या मोटारीतही जादा चाक, जॅक आणि पाना गृहीत धरला जातो. महागड्या मोटारींतून मात्र हे चाक हळूहळू नाहीसे होत आहे. काही गाड्यांत त्या जागी अरुंद, तात्पुरते चाक येते. त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये, अशी सूचना असते. काहींत हवा गेल्यावरही सुमारे ८० किलोमीटर चालू शकणारे ‘रन-फ्लॅट’ टायर येतात, तर काहींत नुसता डिंकासारखा द्राव आणि हवा भरण्याचा छोटा पंप. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ट्यूब नसलेले टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीत स्टेपनीची सक्ती राहिली नाही. विजेच्या मोटारींत बॅटरीला जागा मिळावी, हे त्यामागचे एक कारण होते आणि ते खोटे नव्हे.

परंतु ज्यांनी ही सोय आखली, त्यांच्या डोळ्यांपुढे जर्मनीचा महामार्ग असावा. घोडेगावहून डिंभ्यावरून भीमाशंकरला जाणारा पावसाळ्यातला रस्ता नसावा. खड्ड्याच्या कडेने टायर बाजूने फाटला, तर द्रावाने तो सांधत नाही. रात्री नऊनंतर दोन्ही बाजूंना ऊस, परिसरात बिबट्याचा वावर आणि अधिकृत सेवा केंद्र पुण्यात, अशा ठिकाणी मोटारीच्या किमतीचा काही उपयोग होत नाही. मागून येणारा पिकअपवाला सहज चाक बदलून निघून जातो. कोटभराची मोटार क्रेनची वाट पाहत उभी राहते.

ही काटकसर काही आजची नाही. तिचा इतिहास समजून घेतला पाहिजे. १९७८ साली मर्सिडीजने आपल्या सर्वांत मोठ्या मोटारीत चाके न अडकता ब्रेक लागण्याची व्यवस्था, म्हणजे एबीएस, देऊ केली. काही वर्षांतच हवेची उशीही आणली. महागड्या मोटारीकडे जग त्या काळी ‘उद्याची मोटार’ म्हणून पाहत असे. अभियंत्यांनी आधी मोटार घडवायची आणि खर्चाचा हिशेब करून मग किंमत ठरवायची, अशीच जर्मन कंपन्यांची ख्याती होती. १९८९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत ‘लेक्सस’ आणली. किंमत सुमारे ३५ हजार डॉलर, म्हणजे जर्मन प्रतिस्पर्ध्यांहून बरीच कमी. शांतपणा, सफाई आणि टिकाऊपणा यांत मात्र ती कोठेही उणी नव्हती. तेव्हा गणित उलटे झाले. बाजारात किती किंमत चालेल ते आधी ठरवायचे आणि तेवढ्यात बसेल अशी मोटार घडवायची, असा दंडक आला.

त्याच सुमारास खरेदी विभागांचे राज्य सुरू झाले. जनरल मोटर्सचे खरेदीप्रमुख होजे इग्नासिओ लोपेझ सुट्या भागांच्या पुरवठादारांकडून दर उतरवून घेण्यासाठी प्रसिद्ध होते. १९९३ साली ते फोक्सवागनमध्ये गेले. कंपनीची गुपिते सोबत नेल्याच्या आरोपावरून मोठा खटला उभा राहिला. १९९७ च्या आरंभी फोक्सवागनने दहा कोटी डॉलर देऊन तो मिटवला. लोपेझ गेले, पण त्यांची रीत सगळ्यांनी उचलली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील मर्सिडीज ई-क्लासच्या पत्र्याला गंज चढू लागला, तेव्हा या नव्या हिशेबाचे फळ मालकांच्या नजरेस आले. तीस-तीस वर्षे टिकणाऱ्या मोटारींबद्दल ज्या कंपनीचे नाव घेतले जाई, तिला आपली अब्रू सावरायला पुढे बरीच वर्षे लागली.

या इतिहासाचा एक धागा आपल्या दाराशी येतो. मर्सिडीजची भारतीय कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि पिंपरीत टेल्कोच्या आवारात १९९५ पासून ई-क्लास जुळू लागली. युरोपात त्याच वर्षी त्या मोटारीची नवी पिढी बाजारात येत होती आणि आपल्याकडे मावळती पिढी ‘नवी’ म्हणून आली. गंमत अशी, की ती जुनी पिढी नव्यापेक्षा दणकट निघाली! २००९ साली कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. २०२२ मध्ये तेथेच दीड कोटीच्या वर किंमत असलेली विजेची ईक्यूएस जुळू लागली. मंचरपासून तासाभराच्या अंतरावर ही मोटार तयार होते. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेचा अखंड पडदा आहे.

या पडद्याकडे नीट पाहिले पाहिजे. ग्राहकाला तो प्रगतीची खूण वाटतो आणि काही अंशी तो आहेही. पण पूर्वी वातानुकूलन, रेडिओ, आरसे, दिवे यांसाठी वेगवेगळी बटणे असत. प्रत्येक बटण म्हणजे वेगळा साचा, वेगळी तार, वेगळी जोडणी आणि वेगळी तपासणी. ती सारी काढून एका पडद्यावर चित्रे उमटवली, की खर्च वाचतो. खर्च वाचवला, असे सांगावे मात्र लागत नाही. उलट ‘पडदा किती इंचांचा’ याची जाहिरात करता येते. स्वीडनच्या एका मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये चाचणी घेतली. बटणे असलेल्या २००५ सालच्या व्होल्वोत चार साधी कामे करायला चालकाला १० सेकंद लागले. पडद्याच्या एका नव्या मोटारीत जवळपास ४५ सेकंद गेले. ताशी ११० किलोमीटर वेगाने तेवढ्यात मोटार सुमारे १,३७० मीटर पुढे जाते. युरोपातील मोटारसुरक्षा परीक्षण संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी दिशादर्शक, भोंगा, वायपर वगैरेंसाठी हाताला लागणारी स्वतंत्र बटणे असावीत, अशी अट घातली आहे. फोक्सवागननेही २०२५ मध्ये महत्त्वाची बटणे परत आणण्याचे जाहीर केले. काढलेली वस्तू ‘नवी सोय’ म्हणून परत येते, ती अशी.

तिसरा प्रकार त्याहून चतुर. येथे वस्तू काढली जात नाही. ती मोटारीत बसवलेली असते, फक्त कुलूपबंद असते. २०२१ मध्ये जर्मनीत मर्सिडीजने ईक्यूएसची मागची चाके अधिक वळवण्याची सोय वर्षाला ४८९ युरो भाड्याने देऊ केली. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत आसन गरम करण्याच्या सोयीसाठी महिन्याला सुमारे १८ डॉलर मागितले. तारा आसनात होत्या, त्यांचे वजन मालकच वाहत होता आणि तरीही त्या चालू करायला भाडे! लोक इतके संतापले, की पुढच्या वर्षी कंपनीला ही कल्पना सोडावी लागली. आपण विहीर विकत घ्यावी आणि पाणी उपसायला दरमहा विकणाऱ्याची परवानगी काढावी, असाच हा व्यवहार. जुन्नरच्या शेतकऱ्याला त्यातली मेख समजावून सांगायची गरज नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. स्वच्छ इंजिने, विजेची मोटार आणि संगणकाच्या आज्ञावल्या यांवर अफाट खर्च होतो. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा बीएमडब्ल्यूला काही मोटारींतून पडद्याची स्पर्शसोयच वगळावी लागली. काही सोयी मोजकेच लोक वापरतात, हेही खरे. आपल्याकडे त्यात कर आणि विनिमय दराची भर. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून मोठ्या मोटारींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याआधी उपकर धरून तो पन्नास टक्क्यांपर्यंत जात असे. त्याच वर्षी युरो शंभर रुपयांच्या वर गेला. येथे जुळणाऱ्या मोटारीचेही अनेक भाग युरोत विकत घ्यावे लागतात. शिवाय देशात वर्षाला विकल्या जाणाऱ्या चाळीस लाखांवर मोटारींत महागड्या मोटारी जेमतेम एक टक्का. एवढ्या छोट्या बाजारासाठी कोणती सोय ठेवायची आणि कोणती गाळायची, हे ठरवणे भाग पडते.

हे सारे मान्य केले, तरी एक गोष्ट उरते. गाळण्याचा निर्णय अपरिहार्य असतोच, असे नाही. याचा पुरावा चाकणमध्येच आहे. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारी आदळून पाहिल्या. चाकणला बनणारी, हवेच्या उशा नसलेली फोक्सवागन पोलो त्यांत होती. तिच्यासह पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. तीच पोलो दोन उशांसह आदळली, तेव्हा चार तारे मिळाले. कंपनीने उशा नसलेली पोलो लागलीच बंद करून सर्वांना उशा दिल्या. कारखाना तोच, कामगार तेच, रस्तेही तेच होते. बदलले एवढेच, की गाळलेली वस्तू लोकांसमोर उघडी पडली. कायद्याने पुढच्या दोन्ही आसनांना उशा सक्तीच्या व्हायला त्यानंतर आणखी सात-आठ वर्षे लागली.

या काटकसरीची दुसरी बाजू शोरूममध्ये दिसत नाही. मोटार कंपनी पुरवठादाराशी करार करते, तेव्हा दर वर्षी काही टक्के दर उतरवण्याची अपेक्षा असते. पोलाद स्वस्त होत नाही, वीज स्वस्त होत नाही. मग पुरवठादाराच्या हाती उरतो तो कामगार. चाकण परिसरातील छोट्या-मोठ्या कारखान्यांत जुन्नर-आंबेगावची किती तरी मुले कंत्राटावर काम करतात. डिंभ्याच्या वरच्या आदिवासी पट्ट्यातील मुलेही त्यांत आहेत. सहा-अकरा महिन्यांनी खंड, पुन्हा नवी भरती, पुन्हा तोच पगार. बंगल्यासमोरच्या मोटारीतून एक बटण कमी झाले, तेव्हा मालकाची थोडी गैरसोय झाली. ते बटण बनवणाऱ्या शेजारच्या वाडीतल्या मुलाचे मात्र कामच गेले असेल. एकाच गावातली ही दोन घरे एकाच हिशेबाच्या दोन टोकांना बांधलेली आहेत, याची जाणीव दोघांनाही नसते.

मग करायचे काय? या भागातला शेतकरी दुसऱ्या बाजाराचे नियम पक्के जाणतो. ओतूर किंवा आळेफाट्याच्या बाजारात कांद्याची पिशवी आणली, तर व्यापारी वरचा थर पाहून भाव देत नाही. पिशवी फोडतो, हात आत घालतो, गोळा किती, गोल्टी किती, बदला किती ते पाहतो. वर गोळा आणि आत बदला निघाला, तर भाव तर पडतोच, वर शेतकऱ्याचे नावही खराब होते. हाच माणूस शोरूममध्ये गेला, की वरच्या थरावर भुलतो. छत उघडते का, पडदा केवढा, दिवे किती रंगांचे, एवढेच पाहतो. स्टेपनी आहे का, मधल्या आसनाला पूर्ण पट्टा आहे का, परदेशात याच मोटारीत असलेले काय येथे नाही, कोणती सोय किती वर्षांनी पैसे मागू लागेल, हे विचारत नाही. विचारायला संकोच वाटतो. एवढ्या मोठ्या दुकानात स्टेपनीचे काय विचारायचे!

संघटित ग्राहकाची ताकद मराठवाड्याने दाखवली आहे. २०१० साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींच्या त्या व्यवहारात त्यांनी सवलती पदरात पाडून घेतल्या, बँकेकडून स्वस्त कर्जही मिळवले. त्या ताकदीने किंमत उतरली. तीच ताकद गाळलेल्या वस्तू परत मागण्यासाठीही वापरता येईल. सरकारकडूनही फार मोठी अपेक्षा नाही. एकाच नावाची मोटार परदेशात आणि येथे विकताना कोणत्या सोयी कमी केल्या, त्याची यादी कंपनीने किमतीच्या फलकाशेजारी मराठीत लावावी, एवढा नियम पुरेसा आहे. औषधाच्या वेष्टनावर घटक छापावे लागतात. कोटभराच्या यंत्राला ती अट का नसावी?

श्रीमंतांच्या मोटारीची चिंता इतरांनी का करावी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर एबीएस आणि हवेच्या उशीने देऊन ठेवले आहे. मोटारींच्या दुनियेत चांगली सवय वरून खाली येते आणि वाईट सवयही त्याच वाटेने येते. कोटीच्या मोटारीत जे गाळलेले खपले, ते पाच वर्षांनी दहा लाखांच्या मोटारीत गाळले जाईल. ती मोटार तर टोमॅटोचे एक चांगले वर्ष लाभलेला साधा शेतकरी कर्ज काढून घेणार आहे.