डोळे बाहेर ठेवा आणि आत या!

अंध माणूस आणि कुत्रा यांना एकत्र आणणारी एक म्हण मराठीत आहे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आपल्या समाजाला या दोघांचे एवढेच नाते ठाऊक. एक फसणारा, दुसरा लुबाडणारा. जगात मात्र गेल्या शंभर वर्षांत हे नाते पार बदलून गेले आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे कुत्र्यांना वाटाड्याचे काम शिकवणारी शाळा निघाली. १९२९ साली अमेरिकेत आणि १९३१ साली इंग्लंडात हे काम सुरू झाले. आज अनेक देशांत अंध स्त्री-पुरुष अशा कुत्र्याच्या सोबतीने एकटे कामावर जातात, बाजारहाट करतात, कचेरीची पायरी चढतात. कोणाच्या दयेची वाट पाहत कोपऱ्यावर उभे राहत नाहीत.

हा कुत्रा नेमके काय करतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. तो धन्याला त्याच्या मनाविरुद्ध कोठे नेत नाही. कोठे जायचे, कोठे वळायचे हे माणूसच ठरवतो. कुत्रा खड्डा चुकवतो, पायरीपाशी थांबतो, वाटेतला खांब आणि हातगाडी टाळून नेतो. समोरून गाडी येत असताना धन्याने चल म्हटले तरी तो जागचा हलत नाही. या कामासाठी त्याला लहानपणापासून दीड-दोन वर्षे तयार करतात. त्याच्या अंगावर मूठ असलेला पट्टा असतो आणि ती मूठ धरून माणूस चालतो. म्हणजे हा हौसेने पाळलेला कुत्रा नव्हे. ती त्या माणसाची दृष्टी आहे, फक्त चार पायांवर चालणारी.

आता असा एक माणूस मुलुंडहून निघाला आणि त्याला अंधेरीला जायचे आहे, असे समजा. इमारतीचा पहारेकरी म्हणतो, लिफ्टमध्ये कुत्रा चालणार नाही. रिक्षावाला मीटर पाडण्याआधीच मान हलवतो, गादी खराब होईल. स्थानकावर गर्दी ओरडते. हॉटेलचा मालक हात जोडतो, गिऱ्हाईक बिचकते साहेब. दवाखान्यात परिचारिका दार अडवते. मुंबईच्या उपनगरांत अशी जोडी आज क्वचितच रस्त्यावर दिसते, त्याचे एक मोठे कारण हेच की ती दिसूच नये अशी सारी व्यवस्था आपण करून ठेवली आहे. आणि या सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असते. कुत्रा बाहेर बांधा, तुम्ही खुशाल आत या!

हे वाक्य वरवर किती सभ्य वाटते! माणसाला कोणी अडवलेच नाही, अडवले ते जनावराला. परंतु डोळस माणसाला कोणी म्हणेल काय की तुमचे डोळे दाराबाहेर काढून ठेवा आणि मग आत या? अंध माणसाला आपण रोज हेच सांगत असतो. कुत्र्याच्या जागी पांढरी काठी असली तरी फरक पडत नाही. काठी लोकांच्या पायांत येते म्हणून ती मिटवून ठेवा, असे सांगणारेही आहेतच.

आमच्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितले होते की ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा हीन वागणूक मिळते, तो देश आम्ही आपला कसा म्हणावा? महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता, माणसाला होता. आज अंध माणसाच्या बाबतीत कुत्र्याला मज्जाव आहे आणि माणसाला परवानगी आहे, असे सांगितले जाते. दोन्ही वेळा दाराबाहेर उरतो तो माणूसच. पहिल्या वेळी विटाळाचे कारण पुढे केले गेले, या वेळी स्वच्छतेचे आणि गिऱ्हाइकाच्या भीतीचे.

आम्ही ही दोन्ही दुःखे एकाच तराजूत घालत नाही. अस्पृश्यता ही जन्मावरून लादलेली, धर्मग्रंथांनी पवित्र ठरवलेली गुलामगिरी होती. तिची बरोबरी कशाशीही करता येणार नाही. परंतु दार कसे बंद केले जाते, याचे ज्ञान आपल्याइतके या देशात कोणाला आहे? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः पाण्याला हात लावेपर्यंत तो ठराव कागदावरच होता. त्यानंतरही सनातन्यांनी तळ्याचे शुद्धीकरण केले आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. ठराव होणे आणि दार उघडणे यांत किती अंतर असते, हे महाडने आपल्याला शिकवले आहे.

याच महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे आणि मुके यांना वडिलोपार्जित मालमत्तेचा वाटा नाकारला आहे, याची आठवण किती जणांना आहे? पूर्वजन्मीचे पाप म्हणून जातीची उतरंड लावणारा जो विचार होता, त्याच विचाराने अंधाला पापी ठरवून घराच्या कोपऱ्यात बसवले. ही अपात्रता १९२८ च्या कायद्याने बहुतांशी दूर केली. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने कोणताही रोग, व्यंग वा विद्रूपता वारसाहक्काच्या आड येणार नाही, असे स्पष्ट केले. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपदावर पाणी सोडले, त्या संघर्षानंतरच हा कायदा झाला. म्हणून अंधांचा हक्क हा चळवळीबाहेरचा विषय आहे, असे कोणी आम्हाला सांगू नये.

आता आजचा कायदा काय म्हणतो ते पाहू. घटनेच्या १५ व्या कलमातील दुसऱ्या पोटकलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांची दारे सर्वांना खुली केली. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे त्यात आहे. या यादीत अपंगत्वाचा शब्द नाही. ती उणीव भरून काढायला १९९५ चा कायदा आला. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक कराराला मान्यता दिली आणि त्यातून २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा जन्माला आला. हा कायदा सांगतो की अपंग माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता यावे म्हणून वाजवी सोय करून देणे बंधनकारक आहे आणि ती नाकारणे म्हणजेच भेदभाव. मार्गदर्शक कुत्रा हा शब्द या कायद्यात नाही. परंतु ज्या कुत्र्याशिवाय माणूस आत येऊच शकत नाही, त्याला बाहेर ठेवणे ही वाजवी सोय नाकारणे नव्हे तर दुसरे काय आहे? या कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे हवेत, असा निकाल दिला. १४ मे २०२५ रोजी याच न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो आणि ते पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत, असे सांगितले. कायदा आहे, निकालही आहेत. नाही ते दार उघडणारे हात.

त्याऐवजी सरकारने काय दिले? एक नाव दिले. २०१५ साली पंतप्रधानांनी अपंगांना दिव्यांग म्हणायला सांगितले. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच विरोध केला की आम्हाला दैवी अवयव नकोत, उतार आणि कठडे हवेत. आपल्याला यात नवे काहीच नाही. अस्पृश्यांना हरिजन म्हटले गेले तेव्हा १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी निषेध म्हणून विधानसभेतून सभात्याग केला होता. देवाचे नाव चिकटवले की माणसाचा हक्क मागे पडतो, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला स्वच्छतेचा आणि भीतीचा. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार उपाहारगृहाचा मालक फक्त दोन प्रश्न विचारू शकतो. हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? कोणाला भीती वाटते वा कुत्रा सोसत नाही, हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. कुत्रा आवरेनासा झाला तर त्याला बाहेर न्यायला सांगता येते, पण माणसाची सेवा तेव्हाही नाकारता येत नाही. जपानने २००२ साली असाच कायदा केला. आपल्याकडे तर प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत गृहनिर्माण संस्थांना बजावले आहे की साध्या पाळीव कुत्र्यावरही बंदी घालता येणार नाही आणि लिफ्टही नाकारता येणार नाही. मग अंधाच्या वाटाड्याला कोणत्या तोंडाने अडवता?

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो. हा श्रीमंतांचा प्रश्न आहे, आमच्या वस्तीत माणसाला खायला नाही तिथे कुत्रा कोण पोसणार? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही प्रामाणिकच दिले पाहिजे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत जा, मुलुंडच्या चाळीत जा. तिथल्या अंध माणसाला बाहेर कोण नेते? घरातले दहा-बारा वर्षांचे पोर. आजोबांचा हात खांद्यावर घेऊन ते रेशनच्या रांगेत उभे राहते, बँकेत जाते, लोकलच्या डब्यात आजोबा वस्तू विकतात तेव्हा त्यांच्या पुढे चालते. त्या वेळी त्याच्या शाळेत तास चालू असतो. श्रीमंत देशांनी हे काम कुत्र्याला शिकवले, काठीला शिकवले, रस्त्याच्या फरशीला शिकवले. आपण ते गरिबाच्या लेकरावर टाकून मोकळे झालो. शिका हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आणि त्या शब्दालाच इथे सुरुंग लागतो. म्हणून अंधाला एकट्याने फिरता येईल असा रस्ता मागणे म्हणजे त्या पोराची शाळा परत मागणे होय.

असा रस्ता अशक्य नाही. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांत अंधांसाठी पायाला जाणवणाऱ्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशा आहेत, लिफ्ट आहे. पण स्थानकाच्या दाराबाहेर पाऊल टाकले की ती पिवळी वाट संपते आणि फेरीवाले, मोटारसायकली, उखडलेले पेव्हर ब्लॉक यांचे राज्य सुरू होते. सर्वांत हुशार कुत्राही तिथे काय करील? लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा आहे, पण बोरिवलीला सकाळी त्या डब्यात किती धडधाकट माणसे चढतात, हे रोजच्या प्रवाशाला सांगायला नको. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकात फलाट आणि गाडी यांच्यातील पोकळीत पडून एका तरुणीने दोन्ही हात गमावले. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या रेट्याने फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला वेग आला. त्याचा लाभ अंधाला झाला, म्हाताऱ्याला झाला, कडेवर मूल घेतलेल्या बाईलाही झाला. अपंगासाठी केलेली वाट सर्वांच्या उपयोगी पडते, हा धडा एवढी किंमत मोजून शिकायची गरज नव्हती.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दृष्टीचे अपंगत्व असलेले लोक पाच लाखांहून अधिक आहेत. राज्याने २०२२ साली अपंगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. आता त्या विभागाने एक साधा शासन निर्णय काढावा. अंध व्यक्तीसोबतची काठी, मार्गदर्शक कुत्रा वा सोबती यांना हॉटेल, दवाखाना, कचेरी, बस, रिक्षा, गृहनिर्माण संस्था यांपैकी कोठेही अडवता येणार नाही. भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याने आधीच गुन्हा आहे, त्याची अंमलबजावणी करा. तक्रार कोठे करायची, हे प्रत्येक स्थानकावर आणि रिक्षातळावर बोलत्या आवाजात सांगितले जावे. अंधासाठी लेखी फलक लावणे ही तर क्रूर थट्टा आहे.

आणि एक काम सरकारची वाट न पाहता करता येईल. आपल्या वस्तीतील विहाराच्या पायऱ्यांना कठडा आहे काय? १४ एप्रिलच्या मंडपात पांढरी काठी घेऊन आलेल्या बांधवाला वाट आहे काय? उद्या कोणी मार्गदर्शक कुत्रा घेऊन वंदनेला आले तर दारावरचा कार्यकर्ता काय म्हणेल? त्याने म्हणावे, या, दोघेही या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असे आपली दुसरी एक म्हण सांगते. देव देईल तेव्हा देईल. ज्याने आपला डोळा स्वतःच्या हिमतीने सोबत आणला आहे, निदान त्याचा तरी तो दारात काढून घेऊ नका.